बिनखुणेचं झाकण

माझा दादा चहा आधी हुंगायचा, मग प्यायचा. स्वतःच्या घरी, आमच्या घरी, कोणाच्याही घरी. कप हातात आला की नाकाजवळ न्यायचा, डोळे बारीक करायचा, थांबायचा आणि मग एक घोट. चहा देणारी बाई बिचारी आत जाऊन दूध नासलंय का बघून यायची. वहिनी म्हणायची, "लग्नाआधी तेवढा माझा वास घ्यायला विसरले, आता भोगतायत." पंपावर तर सगळे त्याला नाक्याच म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. त्याला राग नाही यायचा.

दादा गेला त्याला आता काही महिने झाले. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. मी विचारलं, इतकी वर्षं पेट्रोलच्या वासात काम केलं, त्याने झालं का हो? डॉक्टर म्हणाले तसं सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे नाही असं तर नाही ना. पण आमचे हे म्हणाले, सोड आता, दादांसारखं करू नकोस.

भेटायला आले ते सगळे म्हणाले, फार साधा माणूस, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. अहो कुठला साधा. सगळ्यांच्या अध्यातमध्यात होता. संशय घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मी त्याची धाकटी बहीण, मला नाही माहीत तर कोणाला? आणि त्या झाकणाच्या भानगडीवरून लोक अजून मागे उलटसुलट बोलतात, तर मग जे झालं ते मीच सांगते.

आधी त्याचं काम सांगते. आमच्या गल्लीच्या वरच्या तोंडाला पेट्रोल पंप आहे. तिथली जमिनीखालची जुनी टाकी गंजली होती आणि कोणाला पत्ता नाही असं कितीतरी दिवस पेट्रोल जमिनीत जात होतं. गल्ली पंपाच्या मागे, उताराला, आणि गल्लीच्या मध्ये आमची विहीर. एक दिवस समोरच्या काकूंनी बादली ओढली आणि ओरडल्या, "अगं बाई, पाण्याला हा कसला वास?" तिथून सगळं सुरू झालं. जुनी टाकी काढली, नवी घातली. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आणि जाळीला कुलूप. पिण्याचं पाणी गाडीने यायला लागलं. गाडी आली की बायका, म्हातारे, सगळे बादल्या घेऊन पळत, आणि भांडणं तर विचारूच नका. मी आणि काकू एका नळीवरून अशा भांडलो की अजून बोलताना एकेक शब्द तोलून बोलतो.

पंपाच्या मागे एक मशीन बसवलं. ते जमिनीतलं पाणी उपसायचं, त्यात जोरात हवा सोडायचं म्हणजे पेट्रोलचा अंश उडून जायचा, मग ते पाणी कोळशाच्या पिंपांतून गाळून बाहेर यायचं. दिवसभर घरघर. आणि पाणी किती साफ झालं ते कळायला पंपाच्या आवारात आणि आमच्या गल्लीत बोअर मारलेले होते, पाण्यासाठी नाही, नुसते तपासायला. तोंड वीतभर, वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. दादा ते झाकण उघडायचा, आत टेप सोडून पाणी किती खाली आहे बघायचा, आतलं शिळं पाणी उपसून टाकायचा, खालून ताजं पाणी आलं की बाटली भरायचा. बाटलीत एक बुडबुडा राहता कामा नये. मग बर्फाच्या पेटीत ठेवून लॅबला. सगळ्या बोअरचं पाणी लागोपाठ साफ आलं की विहिरीचं कुलूप निघणार, असं पेट्रोल कंपनीच्या साहेबांनी, दादा त्यांच्याच हाताखाली, कबूल केलेलं. म्हणून गल्ली दादाच्या पेटीकडे डोळे लावून बसलेली.

पाणी भरायच्या दिवशी दादाची तऱ्हा बघायची. वासाचा साबण नाही, डोक्याला तेल नाही. गाडीत पेट्रोल आदल्या दिवशीच भरून ठेवायचा आणि त्या दिवशी गाडीला हातसुद्धा लावायचा नाही, पेटी खांद्यावर मारून चालत यायचा. का तर हाताचा वास बाटलीत जाईल. पेटीत एक बाटली साध्या शुद्ध पाण्याची असायची, ती नुसती बरोबर फिरून परत लॅबला जायची. तिच्यात काही सापडलं तर समजायचं वाटेतच कुठंतरी घाण झाली. वहिनी तिला सवत म्हणायची. "तिला रोज फिरायला नेतात, बर्फात ठेवतात. मला कधी नेलंय?"

प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर सही, पेटीला कुलूप. मशीनवाला पेटीजवळ आला तरी दादा मधे उभा. म्हणायचा, "कुठंतरी पाणी मुरतंय, चिमणे." मला तो चिमणे म्हणायचा. मी म्हणायची, "मुरणारच ना, जमीन आहे." तो हसायचा नाही. त्याला वाटायचं पंपाच्या मालकाला खर्च नको म्हणून तो बोअरमध्ये चांगलं पाणी ओतेल. मशीनवाल्याला काम संपायला नको म्हणून तो घाण ओतेल. कंपनीचा साहेब तर दोन्ही करेल. घरी सुद्धा तसंच. वहिनीने साखरेच्या डब्याची जागा बदलली तर तो संध्याकाळपर्यंत विचारात.

आणि आमचे हे. हे त्याच पंपावर टँकर खाली करून घ्यायला होते. टँकर आला की बाकी गाड्या बाजूला करायच्या, जमिनीतल्या टाकीचं तोंड उघडून द्यायचं, टँकरचा पाईप तिथे जोडून घ्यायचा, पट्टी सोडून माप बघायचं. दादा यांना दाजी म्हणायचा, मानाने वागायचा, पण कामाचं काही बोलायचं झालं की मला बाजूला घ्यायचा. "दाजी चांगले आहेत, पण मालकाचं मीठ खातात. त्यांच्यासमोर नको." यांना ते कळायचं. हे म्हणायचे, "तुझ्या भावाने देवाला जरी पाहिलं तरी ओळखपत्र मागेल."

तर असं चाललेलं आणि पाणी खरंच साफ होत चाललं होतं. गल्लीतले बोअर आधी साफ आले, मग पंपाच्या आवारातले. गल्लीत बायका बोलायला लागल्या, आता कुलूप निघणार. काकूंनी तर विहिरीसाठी नवा दोर आणून ठेवला. त्याच सुमाराला मालकाने पंप रंगवायला काढला. खांब, कठडे, जमिनीवरचे पट्टे, झाकणं, सगळं. आणि त्याच सुमाराला टाकीजवळच्या एका बोअरचं कुलूप गंजून तुटलं. दादाने साहेबांकडे नवीन मागितलं. साहेब म्हणाले बघू. परत मागितलं, परत बघू. दादाचं जेवणात लक्ष लागेना. म्हणायचा, "सगळ्यांना कुलपं आहेत, तो एकटा उघडा पडलाय. ज्याला काही करायचंय त्याला आयतं." आत रबरी बूच होतं, पण बूच काय, कोणीही उपटेल.

मग शेवटच्या बाटल्यांचा दिवस आला. या साफ आल्या की झालं. मी गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या गाडीची वाट बघत उभी होते, तिथून दादा दिसत होता. एकेक झाकण उघडत तो त्या टाकीजवळच्या बोअरकडे आला. झाकण उचललं. बूच काढलं आणि तसाच मागे सरकला, जसं आतून कोणी थप्पड मारली. मग परत वाकला. टेप सोडली, वर ओढली, टेपचं टोक बघत राहिला. त्याने तिथूनच मला हाक मारली, "चिमणे, इकडे ये. नाही, थांब, येऊ नकोस."

पाण्यावर पेट्रोल तरंगत होतं. मुरलेलं जुनं नाही. दादा म्हणाला जुन्याला कसा कुजका, रंगाच्या डब्यासारखा वास येतो. हे नाकात सुई घुसल्यासारखं होतं. ताजं.

"कोणीतरी ओतलंय," दादा म्हणाला.

मालक बाहेर आला. त्याने वाकून पाहिलं आणि दादाकडे पाहिलं. "अरे वा. काल साफ, आज घाण?"

"मी तेच विचारतोय."

"मी पण तेच विचारतो. पाणी साफ झालं की तू पेटी उचलून घरी जाणार. मग घाण कोणाला पाहिजे रे नाक्या? मला की तुला?"

मशीनवाला मागून येऊन उभा राहिला, त्याच्याकडे दादाने असं पाहिलं की तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघता? मी मशीन सोडून लघवीलासुद्धा जात नाही."

"कोण म्हणालं तू गेलास?" दादा म्हणाला. "मी कुठे काय म्हटलं?"

झालं. त्या दिवसापासून कोणी कोणाकडे सरळ बघेना. गल्लीत बातमी आली की कुलूप निघत नाही. काकूंनी तो नवा दोर माझ्या दारासमोरून मुद्दाम घरात नेला आणि म्हणाल्या, "घरातलेच दोघं पंपावर, आणि वर आपल्यालाच विचारायचं काय झालं म्हणून." काय बोलणार, मला तरी काय माहीत होतं.

आणि खरं सांगू, माझ्याही मनात आलंच. कारण त्याच्या आधी थोडे दिवस हे कामावरून आले ते थेट मोरीत गेले आणि स्वतःचा शर्ट स्वतः धुवायला बसले. यांनी आयुष्यात कधी रुमाल धुतलेला नाही. मी म्हटलं, "द्या की इकडे." तर म्हणाले, "राहू दे, ग्रीस लागलंय." ग्रीसचा वास मला कळतो. तो ग्रीसचा नव्हता. मग एकदा मी बाजारातून येत होते तर कोपऱ्यावर हे आणि रंगारी, तोच, पंप रंगवलेला, दोघं डोकं खाली घालून बोलत होते. मला पाहिलं आणि दोघं एकदम गप्प. रंगारी म्हणाला, "काय वहिनी, बरं आहे ना?" इतक्या गोड आवाजात की मी पिशवी दुसऱ्या हातात घेऊन झपाझप घरी आले.

दादा आमच्याकडे आला. बसला नाही. उभ्या उभ्या खोलीत नजर फिरवली. यांचा कामाचा शर्ट खुंटीला होता. दादाने मी बघतेय हे बघूनसुद्धा शर्टाची बाही उचलली आणि नाकाला लावली.

हे आतून आले. "लागला का काही वास?"

"धुतलेला आहे," दादा म्हणाला.

"मग काय, घाण घालायचा?"

"दाजी, टाकी तुम्ही खाली करून घेता. पेट्रोल तुमच्या हाताखालून जातं. एवढंच विचारतो. बाजूला काढून कोणी..."

"चोर म्हणताय मला?"

"मी काही म्हणत नाही. विचारतोय."

"तुमचं विचारणं म्हणजे माणसाला सोलून बघणं असतं दादा," हे म्हणाले. रागाने बोलले पण दादाकडे बघून नाही बोलले, जमिनीकडे बघून बोलले. मला तेच खटकलं. खरा माणूस अशा वेळी डोळ्यात बघून दोन शिव्या देतो. मी चहा ठेवला तो दोघांनी घेतला नाही. दादाने हुंगलासुद्धा नाही. मग घरात धुसफूस. मी विचारलं, "शर्टाला काय लागलं होतं?" हे म्हणाले, "तू पण सुरू झालीस?" आणि कूस बदलून झोपले.

दादाने मग पाळत ठेवली. पंपासमोर पंक्चरचं दुकान आहे, तिथे टायरवर बसून राहायचा, हातात एक ट्यूब धरून, जणू दुरुस्तीला आणलीय. पंक्चरवाला वहिनीला म्हणाला, "त्या ट्यूबला भोक नाही हो, पण ते ऐकत नाहीत." झाकणाच्या कडेला दादाने मातीचा बारीक थर लावून ठेवला, कोणी उघडलं तर कळावं म्हणून. रोज जाऊन बघायचा. थर तसाच. यामुळे तर तो आणखी पेटला. म्हणायचा, "सावध झालेत. त्यांना कोणीतरी सांगतंय." आणि माझ्याकडे बघायचा. माझ्याकडे! मी म्हटलं, "दादा, मला सुद्धा?" तो म्हणाला, "तुला नाही ग. पण तू घरात बोलतेस."

कंपनीकडून निरोप आला. साहेबांचं म्हणणं, नवी टाकीच फुटली असणार, म्हणजे परत सगळं खोदायचं, परत मशीन, परत पहिल्यापासून बाटल्या. विहिरीचं कुलूप किती दिवस राहणार कोणी सांगेना. गल्लीत येऊन साहेब तसं जाहीर करणार होते. दादा म्हणायचा, "टाकी फुटलेली नाही. फुटली असती तर बाकी बोअरला पण आलं असतं. हे कोणीतरी वरून ओतलंय." पण कोणी ते त्याला सांगता येईना आणि त्याचं नुसतं म्हणणं कोण ऐकतंय.

साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी यांचा डबा घेऊन पंपावर गेले. नेमका टँकर आलेला. यांनी गाड्या बाजूला केल्या, आग विझवायचा सिलेंडर आणून ठेवला, सगळं रोजचं. मग हे टाकीजवळ गेले, खाली बसले, खिशातून खडू काढला, आणि त्या बोअरच्या झाकणावर काहीतरी काढलं. मग बाजूचं टाकीचं तोंड उघडलं, पाईप जोडून घेतला, टँकर खाली होईपर्यंत तिथेच पाय रोवून उभे. टँकर खाली झाला. पाईप काढला. आणि मग यांनी इकडे तिकडे बघितलं आणि बुटाने ते खडूचं पुसून टाकलं.

मी डबा धरून तशीच उभी. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. आणि रस्त्यापलीकडून दादाने पण पाहिलं.

तो ट्यूब फेकून रस्ता ओलांडून आला, एका गाडीने कचकन ब्रेक मारला तरी त्याने बघितलं नाही. यांची कॉलर धरली. दाजी वगैरे सगळं गेलं. "कसली खूण करतोस? कोणाला दाखवतोस? बोल! कोण येऊन ओततं, बोल!"

टँकरचा ड्रायव्हर मधे पडायला आला. मी ओरडले, "दादा, सोड त्यांना!" मालक काचेच्या मागून बघत होता, बाहेर येत नव्हता.

यांनी कॉलर सोडवली नाही. शांत उभे राहिले. म्हणाले, "तुमचीच खूण करतोय दादा. तुम्ही पुसलेली."

"काय?"

"त्रिकोण."

दादाचा हात कॉलरवरच राहिला पण त्यातला जोर गेला. ते मला लांबून पण दिसलं.

आता हे समजायला पाहिजे. सगळ्या बोअरच्या झाकणावर पांढरा त्रिकोण रंगवलेला असतो. टाकीच्या तोंडावर नसतो. दोन्हीची लोखंडी झाकणं सारखीच, शेजारी शेजारी, म्हणून ती खूण. पंपावर नवीन ड्रायव्हर आला की हे एकच सांगायचे, त्रिकोण नाही ते आपलं. वर्षानुवर्षं तेच सांगत आले. आणि दादाने काय केलं होतं, त्या बोअरचं कुलूप तुटलं, साहेब नवीन देईनात, तर याला वाटलं, कुलूप नाही तर निदान हा बोअर आहे हेच कोणाला कळायला नको. रंगारी झाकणं रंगवत होता त्याला गुपचूप सांगितलं, याच्यावर त्रिकोण काढू नकोस, नुसता रंग मार. कोणाला बोलू नकोस. म्हणजे ज्याला घाण ओतायची आहे त्याला कुठे ओतायची ते सापडणारच नाही. एवढं डोकं चालवलं माझ्या भावाने.

मग एक नवीन टँकरवाला आला. यांना समोर एक गाडी मागे घ्यायला लावायची होती, यांनी लांबूनच सांगितलं, त्रिकोण नाही ते आपलं. त्याने बघितलं, त्रिकोण नाही. झाकण उघडलं, रबरी बूच दिसलं, त्याला वाटलं रंगरंगोटीत हे पण नवीन बसवलंय. उपटलं आणि पाईप लावला. थोडं आत गेलं आणि मग बोअर भरून पेट्रोल फसफसत वर आलं. हे धावले, टँकरचा कॉक बंद केला, शर्ट भिजला तो तेव्हा. वर वाळू टाकली, बूच लावलं, ड्रायव्हरला सांगितलं तोंड बंद ठेव. मग झाकण पाहिलं. मग रंगाऱ्याला गाठलं.

"तेव्हाच का नाही बोललात?" दादाने विचारलं. तो खाली बसला होता, झाकणाच्या बाजूला, टाकलेल्या टोपीसारखा.

"बोललो असतो तर तुम्ही मानलं असतं?"

दादा झाकणावरची खडूची पुसट रेघ बोटाने चोळत राहिला.

"तुमची नोकरी गेली असती. माझी पण गेली असती, खोटं कशाला बोलू. दोन्ही विचार केले. मशीन ओढून घेईल हळूहळू, असं वाटलं. आणि परत तसं व्हायला नको म्हणून खडू ठेवला खिशात."

"मग पुसत का होतास... पुसत का होतात?"

"तुम्हाला दिसू नये म्हणून," हे म्हणाले. आणि मला हसू आलं हो. अशा वेळी. डबा हातात, डोळ्यात पाणी आणि हसू.

दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी सगळी गल्ली जमली. साहेब बोलायला लागले, टाकी, गळती, खोदकाम. दादा पुढे गेला. त्याच्या चपला काढलेल्या, मला अजून कळलेलं नाही का ते. म्हणाला, "टाकी फुटलेली नाही साहेब. बोअरची खूण मी पुसायला लावली. टँकरवाल्याने चुकून पाईप तिथे लावला. एकट्या त्या बोअरचं पेट्रोल ओढून काढा, पाणी साफ होईल. खोदू नका. यांना आणखी थांबवू नका."

मग काकू म्हणाल्या, "मेव्हण्याला वाचवतोस होय रे?"

कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "उलटं आहे काकू. मेव्हणा याला वाचवतोय."

"दोघं मिळून आपल्याला बनवतायत," मागून कोणीतरी म्हणालं.

रंगाऱ्याला बोलावून विचारलं, त्याने सगळं सांगितलं, तर म्हणाले याला पढवून आणलंय. दादा ऐकत होता. मला वाटलं आता भडकणार. तर तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. मी पण हेच म्हटलं असतं."

साहेबांनी दादाला कामावरून काढलं. यांना टँकरवरून काढून गाड्यांत हवा भरायला लावलं. ते मशीन त्या एका बोअरला लावलं, आणि बाटल्या भरायला दुसरा माणूस आला. तो मोटारसायकलवर यायचा, पेट्रोल भरून. दादा आमच्या दारात बसून ते बघायचा आणि दात आवळायचा, पण बोलायचा नाही. त्रिकोण मात्र त्यानेच परत काढला, मालकाला विचारून, भर दुपारी, गुडघ्यावर बसून. हे रंगाचा डबा धरून उभे. हे म्हणाले, "तिरका झालाय." दादा म्हणाला, "तुम्ही तिरके उभे आहात." पुढे त्याला गॅस सिलेंडरच्या गोदामात काम मिळालं, तिथे तर नाक लागतंच.

बऱ्याच दिवसांनी, बाटल्या लागोपाठ साफ आल्यावर, साहेब चावी घेऊन आले. जाळी निघाली. काकूंनी तो दोर आणला, बादली सोडली, वर ओढली. पाणी लखलखीत. आणि कोणी पुढे येईना. एकमेकांकडे बघतायत. शिंपी म्हणाला, "साहेब, तुम्ही घ्या आधी." साहेब म्हणाले, "मी आत्ताच पाणी पिऊन आलो." मग सगळे हळूहळू दादाकडे बघायला लागले. असे बघत होते की मला वाटलं मीच जाऊन पिते. इतकी वर्षं ज्या पाण्याची वाट बघितली ते बादलीत, आणि त्याच्याभोवती सगळी संशयाने उभी.

दादा आला. काकूंच्या हातातून पेला घेतला, बादलीत बुडवला आणि सरळ तोंडाला लावला. घटाघटा. नाकाजवळ नेला नाही. थांबला नाही. डोळे बारीक केले नाहीत. माझा दादा, जो माझ्या हातचा चहा हुंगायचा, तो सगळ्यांसमोर पेला रिकामा करून, परत भरून यांच्यापुढे धरतो आणि म्हणतो, "घ्या दाजी."

"विष असलं तर दोघं बरोबर जाऊ, होय ना?" हे म्हणाले आणि प्यायले. मग बायकांची जी झुंबड उडाली. काकूंचं आणि माझं त्या दिवशी परत भांडण झालं, आधी कोण यावरून, आणि बरं वाटलं.

लोक अजून सांगतात, नाक्याने त्या दिवशी वास न घेता पाणी प्यायलं, गल्लीसाठी जीव पणाला लावला. सांगू देत. चांगलंच सांगतात.

पण मी जवळ उभी होते. पेला खाली आला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. विहिरीची ती जाळी फार गंजलेली होती, हात लावला तरी लाल व्हायचा. दादाच्या नाकाच्या शेंड्याला तोच लाल गंज लागलेला, आणि पँटच्या दोन्ही गुडघ्यांना माती. साहेब यायच्या आधी कधीतरी येऊन, गुडघे टेकून, जाळीत नाक खुपसून बसला होता तो. किती वेळ बसला असेल कोण जाणे.

मी पदर पुढे करून त्याचं नाक पुसलं. म्हटलं, "पाणी लागलंय." तो म्हणाला, "हो का?" आणि मला दटावल्यासारखं बघितलं.

घरी आल्यावर मी यांना सांगितलं. हे बूट काढत होते. म्हणाले, "मी पण बघितलं. म्हणून तर प्यायलो."